मंजूर किती, उचल किती!

2023 च्या मे महिन्यात कोल्हापूरला आमच्या आक्काचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. दुपारी बाराला तिला आत नेणार होते. ‘‘त्याआधी तुझं तोंड बघायचंय रे,’’ असं तिनं फोनवर सांगितलेलं. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आईच्या माघारी तीच आमची आई.

मुलानं नुकतीच विजेवरची गाडी घेतली होती. ‘‘बाबा, एका चार्जिंगमध्ये 300 च्या वर जाते. कोल्हापूर तर 230 किलोमीटर!’’ मी जन्मभर बँकेत हिशेबच तपासलेले. मला तो बिनचूक वाटला.

सकाळी साडेसहाला पुणं सोडलं. वेग शंभराचा, उन्हाळा म्हणून एसी चालू. खंबाटकीचा घाट गाडीनं हूं की चूं न करता ओलांडला. पण साताऱ्यानंतर मुलगा गप्प झाला. कऱ्हाडला पडद्यावर 17 टक्के उरले होते आणि चार्जिंगच्या जागी आमच्या आधी दोन गाड्या. कोल्हापूर गाठायला दीड वाजला. आक्का केव्हाच आत गेली होती.

परतल्यावर गाडीचे कागद घेऊन बसलो. वाटलं होतं, लबाडी सापडेल. सापडलं ते आमचं अज्ञान.

पहिला घोळ किलोवॉट आणि किलोवॉट-अवर यांचा. किलोवॉट-अवर म्हणजे आपल्या लाइट बिलातलं ‘युनिट’. बॅटरीत वीज किती साठते ते त्यावरून कळतं. किलोवॉट म्हणजे ती वीज किती झपाट्यानं खर्च करता येते, त्याचं माप. जुन्या भाषेत अश्वशक्ती. आमची गाडी बाजूला ठेवू. 2019 मध्ये भारतात आलेली ह्युंदाई कोना घ्या. मोटर 100 किलोवॉटची, बॅटरी 39.2 युनिटांची. 100 किलोवॉट म्हणजे ब्रिटिश मापानं 134 अश्वशक्ती आणि मेट्रिक मापानं 136. एकाच गाडीचे दोन आकडे दिसतात ते यामुळे. आता त्रैराशिक मांडा. सगळी शक्ती सतत वापरली, तर 39.2 युनिटं चोवीस मिनिटांच्या आत संपतील!

म्हणजे जाहिरातीतला आकडा सतत वापरण्यासाठी नसतोच. बँकवाल्यांना ही गोष्ट लगेच समजेल. व्यापाऱ्याला दहा लाखांचं कॅश क्रेडिट मंजूर असलं, तरी दहा लाख उचलता येतातच असं नाही. गोदामात माल किती, यावर त्याची ‘ड्रॉइंग पॉवर’ ठरते. गाडीचंही तसंच. बॅटरी तळाला गेली, फार तापली किंवा फार गारठली, की गाडीतली यंत्रणाच उचल कमी करते. म्हणून ए.आय.एस. 041 या भारतीय मानकात दोन आकडे मोजतात : एक मोटरची निव्वळ शक्ती आणि दुसरा सलग तीस मिनिटं देता येईल अशी कमाल शक्ती. दुसरा आकडा पुष्कळदा बराच लहान असतो आणि जाहिरातीत सहसा दिसत नाही.

तरीही सिग्नल सुटला की ही गाडी पेट्रोलच्या गाडीला मागे टाकते. पेट्रोलचं इंजिन भरपूर फिरू लागल्यावर खऱ्या जोरात येतं. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते. आणि सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगानं जाताना लागतात जेमतेम दहा-बारा किलोवॉट. मग आमची वीज गेली कुठं?

ती वेगात गेली. ऐंशीवरून शंभरावर गेलं, की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. घाटात गेली. माणसांसकट सतराशे किलोंची गाडी 100 मीटर उंच न्यायला सुमारे अर्धं युनिट लागतं. उतारावर मोटर उलटी चालून त्यातलं काही परत मिळतं, पण सगळं नाही. आणि थोडी एसीत गेली. कागदावरचा पल्ला प्रयोगशाळेतल्या रुळांवर, ठरावीक चालीनं, एसी बंद ठेवून मोजलेला असतो. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या ‘एआरएआय’सारख्या संस्था या चाचण्या करतात. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणून तुलनेसाठी तो आकडा चोखच. पण तो आपल्या प्रवासाचा हिशेब नव्हे. कोनाचा तो पल्ला होता 452 किलोमीटर, म्हणजे युनिटला साडेअकरा. आम्हाला आमच्या गाडीत मिळाले सहा-सात.

तेव्हा गाडी घेणाऱ्यांनी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. बॅटरी किती युनिटांची? तीस मिनिटांची शक्ती किती? हमरस्त्यावर एसी लावून युनिटला किती किलोमीटर मिळतात? मग त्यातले वीस टक्के शिल्लक म्हणून बाजूला काढावेत. चार्जिंगचा वेग ऐंशी टक्क्यांनंतर मंदावतो, तेव्हा वाटेत शंभराचा हट्ट धरू नये.

महिन्याभरानं पुन्हा कोल्हापूरला गेलो. पाचलाच निघालो, वेग ऐंशीचा, साताऱ्याला चहा आणि चार्जिंग एकदमच उरकलं. अकराच्या आत आक्काच्या दारात होतो. तिनं भाकरी थापता थापता वर पाहिलं.

‘‘आज लवकर आलास. गाडी बदललीस?’’

‘‘नाही आक्का, हिशेब बदलला.’’

‘‘त्या दिवशी एस.टी.नं आला असतास, तर तेवढंही करावं लागलं नसतं,’’ ती म्हणाली आणि पहिली भाकरी माझ्या ताटात वाढली.