पहिलीच क्रूझ, दोघांसाठी: केबिन निवडताना काय पाहाल?

मुंबईहून गोव्याला दोन रात्रींची क्रूझ बुक करताय? जाहिरातीतलं भाडं बहुधा माणशी असतं, तेही एका केबिनमध्ये दोघं धरून. त्यामुळे आधी दोनाने गुणा, मग जीएसटी, पोर्ट चार्जेस मिळवा. जेवण सहसा भाड्यातच. दारू, स्पा, वायफायचे पैसे वेगळे.

खिडकी नसलेली आतली केबिन सर्वांत स्वस्त. दोन रात्रींसाठी खोलीत बसतंय कोण? मात्र दोघांपैकी एकाला घाटात गाडी लागत असेल, तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन मागा. तिथे हेलकावे कमी जाणवतात. बाल्कनीच्या केबिन वरच्या मजल्यांवर असतात. फोटो झकास येतात, पण डुलणंही जास्त.

पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.