वाऱ्याची वही, समुद्राच्या तळाशी

आपल्या हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. काही गावच्या पावसाच्या नोंदी त्याच्याही आधीच्या सापडतात. पण दोनशे-सव्वादोनशे वर्षांच्या पलीकडे गेले की पर्जन्यमापकाची वही संपते. मग पाच हजार किंवा दहा हजार वर्षांपूर्वी आपल्याकडचा नैर्ऋत्य मान्सून जोरकस होता की दुबळा, हे विचारायचे कोणाला? याला एक साक्षीदार आहे. तो अरबी समुद्राच्या तळाशी चिखलात पडलेला असतो, आणि आकाराने वाळूच्या बारीक कणाएवढा आहे.

समुद्राच्या पाण्याबरोबर वाहत जाणारे असंख्य बारीक जीव असतात. त्यांना प्लवक म्हणतात. त्यांतलाच एक गट फोरॅमिनिफेरा. हा जीव एकाच पेशीचा, पण घर बांधण्यात मोठा हुशार! पाण्यातला चुना घेऊन तो आपल्याभोवती कवच रचतो. एक खोली लहान पडली की तिला लागून दुसरी, मग तिसरी. काही आठवड्यांत जीव संपतो आणि कवच तळाशी जाते. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या समुद्रांचा तळ खरवडला, तेव्हा कितीतरी ठिकाणी अशा कवचांचाच चिखल वर आला. तळाशी हा चिखल थरावर थर साचतो. खालचा थर जुना, वरचा नवा. लांब नळी खुपसून तो उभाच्या उभा वर काढायचा, कवचांतल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून थरांचे वय ठरवायचे, आणि वाचायला बसायचे.

आता तुम्ही म्हणाल, वाचायचे ते काय? तर कोणत्या थरात कोण राहत होते, ते. ग्लोबिजेरिना बुलॉइड्स नावाची एक जात आहे. ती एरवी थंड समुद्रातली. मग उष्ण अरबी समुद्रात तिचे काम काय? उन्हाळ्यात नैर्ऋत्येचे वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतात आणि वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात. त्याची जागा घ्यायला खालचे थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते. बुलॉइड्सची तिथे चंगळ होते! वारा जितका जोराचा, तितकी तिची वस्ती दाट. म्हणून थरातल्या शंभर कवचांत ही किती, हे मोजले की त्या काळच्या वाऱ्याचा अंदाज बांधता येतो.

ओमानजवळ १९८७ साली समुद्रतळ खणून काढलेल्या गाळावर अनिल गुप्ता, डेव्हिड अँडरसन आणि जोनाथन ओव्हरपेक यांनी हेच केले आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या काळात मान्सूनचे वारे जोरदार होते. पुढे हजारो वर्षांत ते मंदावत गेले. कारण आकाशात आहे. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीत. त्या काळी ती आपल्या उन्हाळ्यात जवळ असे, त्यामुळे आशियाची भूमी अधिक तापे. शिवाय मधली काही शतके विशेष दुबळी निघाली, आणि त्याच सुमारास उत्तर अटलांटिक समुद्र थंड पडलेला होता.

मात्र साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागते. १९५५ साली चेझारे एमिलियानी यांनी कवचांतल्या प्राणवायूचा अभ्यास केला. पाणी थंड असले की कवचात जड प्राणवायू थोडा अधिक येतो. त्यावरून त्यांनी हिमयुगातल्या समुद्राचे तापमान काढले. पण हिमयुगात हलका प्राणवायू जमिनीवरच्या बर्फात अडकून पडतो आणि समुद्राचे पाणीच जड होते. मग कवच सांगते ते थंडीविषयी की बर्फाविषयी? निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ साली तळाशी राहणाऱ्या जाती तपासल्या. तिथले पाणी आधीच गोठणबिंदूजवळचे. ते आणखी कितीसे थंड होणार? तरी फरक जवळजवळ तेवढाच निघाला. म्हणजे मुख्य वाटा बर्फाचा होता.

बुलॉइड्सचेही तसेच. ती वाऱ्याची साक्ष देते, पावसाची नव्हे. ओमानला वारा जोराचा होता म्हणून बीडला पाऊस चांगला झाला, असे म्हणता येत नाही. पावसासाठी गुहांतले चुन्याचे स्तंभ आणि तलावांचा गाळ यांना विचारावे लागते, आणि सगळ्यांच्या जबान्या जुळवाव्या लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? आपली धरणे, कालवे, पेरणीचे अंदाज हे सारे या दीड-दोनशे वर्षांच्या मोजमापांवर बेतलेले आहे. या कणभर कवचांचे सांगणे असे, की मान्सून शतकेच्या शतके मंदावू शकतो, आणि दूरचा एखादा समुद्र थंड पडला तरी त्याची झळ त्याला लागू शकते. आज जगातले समुद्र तापत आहेत. अशा वेळी आपल्या वहीत नाही ते कधी घडलेच नाही, असे समजून चालणे परवडणारे नाही.