जुन्या ऑपेरा-ध्वनिमुद्रिका : कर्ण्याने काय टिपले, काय गाळले

ऑपेरा-गायनाची १९२५पूर्वीची जवळपास सगळी व्यापारी ध्वनिमुद्रणे मायक्रोफोनशिवाय झाली. गायक पत्र्याच्या कर्ण्यासमोर उभा राहून गात असे. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी बसवलेला पातळ पडदा त्या आवाजाने थरथरे आणि पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या चकतीवर नागमोडी खाच कोरत जाई. आवाज वाढवण्याची कोणतीही सोय नव्हती. सुई हलवायला गळ्यातली ताकद तेवढी होती. १९२५ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीची विद्युत पद्धत वापरात आली आणि तिच्यासोबत मायक्रोफोन आला. टेनर (उंच पुरुष-आवाजाचे गायक) एन्रिको कारुसो यांचे निधन १९२१ मध्ये झाले, म्हणजे त्यांच्या आवाजाला मायक्रोफोन कधी मिळालाच नाही. त्यांच्याविषयी आणि त्यांच्या समकालीनांविषयी जी ठाम मते ऐकू येतात, त्यांतली बरीचशी यंत्राचे दोष गायकाच्या माथी मारतात. काही मते तर यंत्राची कृपा गायकाच्या नावावर जमा करतात.

सर्वांत खोल रुजलेला समज असा, की त्या काळी पुरुषांचे आवाज भरदार होते आणि स्त्रियांचे पातळ, निर्विकार, शिट्टीच्या अंगाने जाणारे. तबकड्या ऐकल्या तर तसे वाटते खरे. पण कारण कर्ण्यात आहे. यंत्रागणिक थोडा फरक पडत असला, तरी कर्ण्याला साधारण २०० ते २५०० हर्ट्झ एवढ्याच पल्ल्यातला नाद नीट टिपता येत असे. आवाजाचा रंग ठरतो तो मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येच्या उपस्वरांनी. सोप्रानोचा, म्हणजे उंच स्त्री-आवाजाचा, वरचा ‘सी’ सुमारे १०४७ हर्ट्झचा. त्याचा पहिला उपस्वर २०९३ हर्ट्झवर, दुसरा ३१४० वर. म्हणजे तबकडीवर मूळ स्वर आणि एक उपस्वर एवढेच उतरते, बाकी सारे गळून पडते. टेनरचा वरचा ‘सी’ मात्र ५२३ हर्ट्झचा, त्यामुळे त्याचे तीन उपस्वर सहज पदरात पडतात; खालच्या स्वरांवर तर त्याहून जास्त. कारुसोंचा आवाज कर्ण्याला मानवला याचे एक मोठे कारण हे गणित आहे. तरीही त्यांचाही आवाज पूर्ण उतरलेला नाही. तयार पुरुष-आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास जी धार असते, जिच्या जोरावर गायक भरल्या वाद्यमेळावर ऐकू येतो, तिचा बराचसा भाग कर्ण्याच्या पल्ल्याबाहेरच राहिला.

सोप्रानो नेली मेल्बा यांच्या बाबतीत हा फरक कानाने पडताळता येतो. १९०४ मध्ये लंडनला झालेल्या त्यांच्या पहिल्या तबकड्या कर्ण्याच्या आहेत. ८ जून १९२६ रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये त्यांनी रंगमंचाचा निरोप घेतला तो कार्यक्रम मायक्रोफोनने टिपला गेला. तेव्हा त्या ६५ वर्षांच्या होत्या. दमसास कमी झालेला, तरी आवाजाला अंग आहे आणि त्याभोवती नाट्यगृह ऐकू येते. १९०४चा आवाज याहून रोडका असणे शक्य नाही. रोडके होते ते मुद्रण.

आवाज किती मोठा होता, याचा निवाडा तर तबकडीवरून करूच नये. मुद्रणकार गायकाला कर्ण्याच्या जवळ-दूर उभा करी. जोरकस तार स्वर आला की गायकाने मागे सरायचे, नाही तर सुई उसळून खाच बिघडायची. हलक्या स्वरासाठी पुन्हा पुढे यायचे. या ये-जा करण्यात लहान आणि प्रचंड आवाज एकाच मापाचे होऊन बसले. याला सन्माननीय अपवाद मेपलसन सिलिंडरांचा. लायोनल मेपलसन हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल. १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी चालू प्रयोगांचे छोटे छोटे तुकडे आधी रंगमंचाच्या पुढच्या बाजूने आणि मग वरच्या माचीवरून मेणाच्या सिलिंडरांवर घेतले. खरखर भयंकर आहे, पण आवाज आणि नाट्यगृह यांचे खरे नाते तिथे सापडते. जाँ द रेश्के या थोर टेनरचा आवाज आज जो काही ऐकायला मिळतो तो त्यांतच.

‘७८ची तबकडी ७८ फेऱ्यांवर वाजवावी’ हा समज निरुपद्रवी दिसतो, पण सर्वाधिक नुकसान त्याने केले आहे. नाव ‘७८’ पडले असले, तरी सुरुवातीच्या तबकड्या मिनिटाला सुमारे ७० पासून ८० च्या पुढपर्यंत कोणत्याही वेगाने कोरलेल्या असत. एकाच कंपनीत, कधी एकाच दिवशीही वेग बदले. साधारण ७३.६ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली, तर सूर बरोबर अर्धा स्वर चढतो. पांढरी एकमधले गाणे काळी एकमध्ये ऐकू येते. एवढ्यावर थांबत नाही. लय वाढते, स्वरांची रूपे बदलतात, गायक आपल्या वयापेक्षा लहान आणि आवाजाने हलका वाटू लागतो, आणि आवाजातला नैसर्गिक कंप घाईचा होऊन बसतो.

यावर स्वरलिपीतली पट्टी प्रमाण मानावी, असा उपाय सुचवला जातो. तोही पुरा पडत नाही. गायक आपल्या गळ्याच्या सोयीने आरिया (ऑपेरातले एकल गीत) अर्धा किंवा पूर्ण स्वर खाली उतरवून गात, आणि त्या काळी वाद्ये मिळवण्याचा सूरही गावोगावी वेगळा होता. ‘ए’ म्हणजे ४४० हर्ट्झ हा आंतरराष्ट्रीय संकेत ठरला तो १९३९ मध्ये. फेर्नान्दो दे लुचीया (१८६०–१९२५) या नेपल्सच्या टेनरची कीर्ती या घोळात वर्षानुवर्षे हेलकावे खात राहिली. ते सर्रास पट्टी उतरवून गात. त्यांच्या तबकड्या स्वरलिपीच्या पट्टीत ताणून वाजवल्या की शेळीसारखा थरथरता आवाज येतो. वेग योग्य तितका खाली आणला की तोच गायक सावकाश, मुलायम, बारीक नक्षीकामाचा वाटतो. जलद आणि बारीक कंप त्या पिढीत होता हे खरे, पण त्याची किती मात्रा गळ्याची आणि किती फिरत्या चकतीची, हे वेग ठरल्याशिवाय सांगता येत नाही.

खरखरीबद्दल दोन उलटसुलट समज आहेत. एक असा, की खरखर जास्त तर मुद्रण वाईट. तबकडी लाखेची असे आणि ती लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जाई. तिच्यात दगडाची भुकटी मिसळलेली असे, कारण पोलादी सुई घासून खाचेच्या आकाराची व्हायला हवी. खरखरीचा मोठा वाटा या मिश्रणाचा आणि तबकडीच्या झिजेचा. मेणावर कोरलेला आवाज तिच्याखाली शाबूत असू शकतो. दुसरा समज असा, की संगणकाने खरखर पुसली की मूळ आवाज मोकळा होतो. खरखर आणि आवाजाचे वरचे उपस्वर एकाच पल्ल्यात नांदतात. एक पुसताना दुसरे पुसले जाते, आणि हाती येतो तो गुळगुळीत पण मेलेला स्वर. अमेरिकेत थॉमस स्टॉकहॅम यांनी १९७०च्या दशकात कर्ण्याचे स्वतःचे घुमणे गणिताने वजा करण्याचा प्रयोग कारुसोंच्या तबकड्यांवर केला. काम अफाट बुद्धीचे होते, पण कर्ण्याने काय बदलले हे ठरवायला त्याच आरियेचे आधुनिक मुद्रण तुलनेला घ्यावे लागले. म्हणजे निकालात आधुनिक कानाचा अंदाज मिसळला. त्याच्या कितीतरी आधी व्हिक्टर या तबकडी-कंपनीने १९३२ मध्ये कारुसोंच्या जुन्या मुद्रणांवर नवा वाद्यमेळ चढवला होता. असे चढवलेले मुद्रण ऐकून गायकाच्या लयीबद्दल मत देणे व्यर्थ आहे.

मूळ साथही प्रमाण मानण्याजोगी नाही. तंतुवाद्ये कर्ण्याला नीट ऐकू येत नसत, म्हणून डबल बासच्या जागी ट्यूबा वाजे आणि व्हायोलिनलाच कर्णा बसवलेले ‘श्ट्रो’ व्हायोलिन वापरले जाई. वेळेचे बंधन त्याहून कडक : दहा इंची तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपास, बारा इंचीवर चार-साडेचार. म्हणून कडवी गाळली जात, लय पळवली जाई. एप्रिल १९०२ मध्ये मिलानच्या हॉटेलात कारुसोंच्या दहा तबकड्या करणारे मुद्रणकार फ्रेड गाइसबर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलकात्यात गायिका गौहर जान यांच्यासमोर तसाच कर्णा मांडून बसले होते. ख्याल जसा तीन मिनिटांत आवळला गेला, तशीच आरियाही आवळली गेली.

चुंबकीय फीत येईपर्यंत जोडकाम शक्य नव्हते, म्हणून जुने मुद्रण म्हणजे निखळ सत्य, असेही म्हटले जाते. हे अर्धेच खरे. एक बाजू सलग गावी लागे. परंतु एकच आरिया दोन-चारदा गाऊन त्यातली चांगली निवडली जाई. फितीच्या काळात काय शक्य झाले त्याचे गाजलेले उदाहरण म्हणजे वाद्यवृंद-संचालक फुर्टवेंगलर यांचे ‘ट्रिस्टान’ या ऑपेराचे १९५२चे मुद्रण : त्यात नायिका गाणाऱ्या कर्स्टन फ्लागस्टाड यांच्या जागी वरचे ‘सी’ एलिझाबेथ श्वार्त्सकॉफ यांनी गायले.

शेवटचा घोटाळा कोण, केव्हा गायले याचा आहे. आलेस्सांद्रो मोरेस्की यांची १९०२ आणि १९०४ची मुद्रणे ऐकून ‘ऑपेरातले कास्त्रातो (उंच आवाज टिकावा म्हणून लहानपणीच खच्ची केलेले पुरुष गायक) असे गात’ असा निष्कर्ष काढला जातो. मोरेस्की सिस्टीन चॅपलचे चर्चगायक. ऑपेराच्या रंगमंचावरचे कास्त्रातो त्यांच्या जन्माआधीच संपले होते. वेर्दीच्या ‘ओतेल्लो’चे पहिले नायक फ्रांचेस्को तामान्यो यांनी १९०३ मध्ये, उतरत्या प्रकृतीत, पियानोच्या साथीवर जे गाऊन मुद्रित केले, ते म्हणजे १८८७चा पहिला प्रयोग नव्हे.

आवाजाचा रंग आणि आकारमान एवढे वजा केले, की उरते ते थोडे नाही. दमसास, स्वरातून स्वरात जाण्याची सफाई, शब्दांचा उच्चार, ट्रिल (दोन लगतच्या स्वरांचा जलद आलटून-पालटून उच्चार) स्वच्छ आहे की पुसट, लयीशी खेळ, हे सारे सर्वांत गरीब तबकडीवरही स्पष्ट कळते. त्यातले मींडीसारखे सरकणे आजच्या ऑपेरा-श्रोत्याला ढिलेपणा वाटते; त्या काळच्या शिक्षणात तो शिकवून घेतलेला अलंकार होता. सोप्रानो आदेलिना पात्ती यांनी १९०५ आणि १९०६ मध्ये वेल्समधल्या आपल्या किल्ल्यात मुद्रण केले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. ‘ला सोनाम्बुला’ या ज्या ऑपेराने त्यांनी १८६१ मध्ये कॉव्हेंट गार्डन जिंकले, त्यातलीच एक आरिया या मुद्रणांत आहे. श्वास तुटतो, तार सप्तक आवरते घेतलेले आहे. पण ट्रिल, सरकते स्वर आणि लयीची मोकळीक ही १८५०च्या दशकात शिकलेल्या गळ्याची आहे. ध्वनीच्या दृष्टीने ही मुद्रणे कमकुवतच. गायकीचा पुरावा म्हणून मात्र त्यांना नव्या मुद्रणांच्या वर जागा द्यावी लागते.