कुष्ठरोगाचा जंतू आणि डॉ. कमल रणदिवे

मंद्रूप परिसरातील शाळांत पहिलीच्या मुलांचे डावे दंड पाहिले, तर पुष्कळांवर बी.सी.जी. लसीचा लहानसा व्रण आढळतो. लसीतील जंतू दुर्बल केलेले असतात. व्रण उठतो तो मुख्यतः शरीराने त्यांच्याशी दिलेल्या झुंजीमुळे. ही झुंज किती जोराने व्हावी, यावर कित्येक रोगांचे स्वरूप ठरते. कुष्ठरोग हे त्याचे बोलके उदाहरण होय.

जंतू एकच, परंतु प्रतिकार तीव्र असल्यास अंगावर मोजके चट्टे उठतात व जंतू फारसे उरत नाहीत. मात्र त्या झुंजीतच मज्जातंतूंना इजा पोहोचते. प्रतिकार मंद असल्यास जंतू सर्वांगी माजतात. नवल हे की, अशा रोग्याचे शरीर इतर जंतूंशी बहुधा नेहमीसारखे झुंजते. ते थंडावते याच जंतूपुढे.

कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शरीरातील पेशी काचपात्रात जिवंत राखण्याची विद्या त्या शिकल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी तशी प्रयोगशाळा उभारली. कर्करोग हा त्यांचा मुख्य विषय.

कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम खाद्यावर वाढत नाही, ही संशोधकांची जुनी अडचण. १९५८ साली बापट, रणदिवे व खानोलकर यांनी रोग्याच्या शरीरातून मिळविलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढविल्याचे प्रसिद्ध केले. पुढे तो कुष्ठरोगाचा नसून त्याच्या गोत्रातला ठरला. तरीही श्रम फुकट गेले नाहीत. शरीर साम्यावरूनही शत्रू ओळखते; म्हणून त्या केंद्रात मृत जंतूंची लस पुढे तयार झाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. ती सार्वत्रिक वापरात मात्र आली नाही. रणदिवे यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या निवर्तल्या.

आज भिस्त आहे ती लवकर ओळखण्यावर. मुलाच्या अंगावर फिकट वा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर शिक्षकांनी पालकांस एकांतात सांगून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. औषध मोफत मिळते व सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते. उपचार सुरू झाल्यावर मुलाने वर्गात नेहमीच्याच जागी बसावयास कोणतीच हरकत नाही.