पन्नास फुटांपलीकडचा सिरियल पोर्ट

टेलिप्रिंटर आणि मोडेम एकमेकांना जोडता यावेत म्हणून अमेरिकेत १९६० साली आरएस-२३२ हे मानक ठरले. १९६९च्या आवृत्तीने केबलसाठी सुमारे पन्नास फुटांची मर्यादा सुचवली. राउटर, वजनकाटे, कारखान्यातले पीएलसी नियंत्रक अशा सगळ्यांनी पुढे याच मानकाचा सिरियल पोर्ट आपलासा केला. लॅपटॉपवरून तो केव्हाच गेला. यंत्रांवर मात्र टिकून राहिला.

त्याला नेटवर्कवर आणणारी पहिली साधने म्हणजे टर्मिनल सर्व्हरची खोकी. नंतर हे काम साध्या लिनक्स संगणकावर आले. कोरी मिनयार्ड यांचा ‘सर-टू-नेट’ हा प्रोग्राम एक टीसीपी पोर्ट उघडून बसतो आणि तिथे येणारी प्रत्येक बाइट सिरियल पोर्टवर पोचवतो, तिकडची इकडे आणतो.

पण नुसत्या बाइट पोचवून भागत नाही. यंत्र ९६०० बॉडच्या वेगाने बोलत असेल आणि पोर्ट १,१५,२०० वर असेल, तर पडद्यावर निव्वळ कचरा उमटतो. ऑक्टोबर १९९७मध्ये सिस्कोच्या ग्लेन क्लार्क यांनी लिहिलेल्या आरएफसी २२१७ या दस्तऐवजाने ही अडचण सोडवली. बॉड, पॅरिटी, एवढेच नव्हे तर डीटीआर आणि आरटीएस या तारांची स्थितीही टेलनेट या प्रोटोकॉलमधूनच बदलता येऊ लागली. ईएसपी-३२ची चिप प्रोग्रामिंगसाठी रीसेट करताना याच दोन तारा लागतात. म्हणून तिचा ‘ईएसपी-टूल’ हा प्रोग्राम नेटवर्कवरून काम करताना आजही हे जुने तंत्र वापरू शकतो. या साऱ्या प्रवासातले सर्वांत दूरदृष्टीचे पाऊल म्हणजे आरएफसी २२१७च.

दुसऱ्या टोकाची, म्हणजे वापरणाऱ्याच्या संगणकाची, गरज वेगळी होती. जुन्या सॉफ्टवेअरला आयपी पत्ता कळत नाही, त्याला पोर्टच हवा असतो. गेरहार्ड रीगर यांचा ‘सोकॅट’ हा प्रोग्राम एका ओळीच्या आज्ञेत आभासी पोर्ट तयार करून देतो. जपानमधून आलेल्या ‘यूएसबी-आयपी’ने तर अख्खे यूएसबी उपकरणच नेटवर्कवर नेले, २०१४मध्ये ते लिनक्स कर्नलच्या मुख्य भागात दाखल झाले.

सुरक्षेच्या कुलपाचा विचार मात्र फार उशिरा झाला. २०१३मध्ये रॅपिड-७ या कंपनीच्या पाहणीत १,१४,०००हून अधिक सिरियल सर्व्हर इंटरनेटवर उघडे आढळले. त्यांपैकी सुमारे १३,००० ठिकाणी पासवर्डाशिवाय थेट प्रशासकीय ताबा मिळत होता. पोर्टच्या पलीकडे खरी यंत्रे असतात, म्हणून हा निष्काळजीपणा अक्षम्य आहे. सर-टू-नेटच्या चौथ्या आवृत्तीपासून टीएलएस कूटबद्धतेची सोय आहे. ती नको असेल, तर पोर्ट फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर उघडा आणि बाहेरून एसएसएचच्या बोगद्यातूनच या.