मजल, मुक्काम आणि बिऱ्हाड
सहकुटुंब दीर्घ प्रवासातील मंद गतीचा विचार

प्रवासाचे मोजमाप मराठीत परंपरेने दोन शब्दांनी होत आले आहे : मजल आणि मुक्काम. दोन्ही शब्द मूळचे अरबी असून फारसीच्या द्वारे मराठीत आले. ‘मजल’ हे ज्या ‘मंझिल’ शब्दाचे मराठी रूप, त्याचा मूळ अर्थ ‘उतरण्याचे ठिकाण’ असा आहे. ‘मुक्काम’ या शब्दाच्या मुळाशी उभे राहण्याची, स्थिर होण्याची कल्पना आहे. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोन्ही शब्द थांबण्याचेच होत. मराठीने मात्र मजलेस चालावयास लावले. ‘मजल मारणे’, ‘मजल दरमजल करीत जाणे’ या प्रयोगांत ती तोडलेल्या अंतराची वाचक झाली आणि थांबणे तेवढे मुक्कामाच्या वाट्यास आले.

या जोडीस तिसरा एक शब्द लावला पाहिजे. तो म्हणजे बिऱ्हाड. मुक्काम प्रवाशाचा असतो, बिऱ्हाड कुटुंबाचे असते. मुक्कामास रात्रीपुरते छप्पर पुरते. बिऱ्हाडास चूल, पाण्याची सोय, शेजार आणि रोजचा क्रम लागतो. मुलांना बरोबर घेऊन महिनोन् महिने प्रवास करणाऱ्या कुटुंबांनी गती मंद ठेवावी, असे सामान्यतः सांगितले जाते, आणि त्याचे कारण म्हणून मुलांचा थकवा पुढे केला जातो. हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. थकवा एका दिवसाच्या विश्रांतीने जातो. त्यासाठी मुक्काम पुरेसा आहे. बिऱ्हाड का हवे, याचे उत्तर मूल एखादे स्थळ कसे ओळखते यात शोधावे लागते.

रायगड जिल्ह्यातील काशीदचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. रेवदंड्याजवळ कुंडलिकेची खाडी ओलांडून मुरूडकडे जाणाऱ्या वाटेवर हे गाव लागते. पांढरी वाळू आणि सुरूची झाडे यांमुळे तेथील किनारा प्रसिद्ध आहे. मुंबई-पुण्याची कुटुंबे शनिवारी येतात आणि रविवारी परततात. पूर्वी जंजिरा संस्थानचे शिकारीचे रान असलेले आणि 1986 साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले फणसाड, तसेच राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी असलेला जंजिरा किल्ला, ही दोन्ही स्थळे बहुधा त्याच दोन दिवसांत उरकली जातात. अशा भेटीत मुलास समुद्र दिसतो. परंतु जो दिसतो तो कोणता?

या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात यासाठी एक सोपा हिशेब रूढ आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, येईल ती भरतीची स्थूल वेळ. अष्टमीस हे उत्तर सहा येते. म्हणजे सकाळी आणि सायंकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेस उत्तर सव्वाअकरा येते; म्हणजे दुपारी बारास पाणी नुकतेच भरलेले असते आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास ते दूर गेलेले असते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती येते, पाणी पुष्कळ चढते आणि पुष्कळ उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा ही चढउतार बेताची राहते. यावरून असे दिसेल की अष्टमीच्या दुपारी आलेल्या आणि पौर्णिमेच्या दुपारी आलेल्या दोन कुटुंबांनी, स्थळ एकच असूनही, दोन निराळे समुद्र पाहिलेले असतात. उधाणापासून भांगापर्यंत आणि भांगापासून पुन्हा उधाणापर्यंतचे चक्र पुरे होण्यास एक पंधरवडा लागतो.

येथे भाषेच्या अंगाने एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘ओहोटी’ हा शब्द मुलाने एकदाच, पाणी दूर असताना ऐकला, तर त्याच्या लेखी ते एका स्थितीचे नाव ठरते : ओहोटी म्हणजे पाणी लांब असणे. तोच शब्द त्याने आठ-दहा दिवस निरनिराळ्या वेळी ऐकला, काल जेथे उभे होतो तेथे आज त्याच वेळी पाणी आहे हे पाहिले, की तो क्रियेचा वाचक होतो : ओहोटी म्हणजे पाणी मागे जात राहणे. शब्द तोच, परंतु त्यामागील संकल्पना बदलली. हा बदल केवळ सांगून घडत नाही. त्यास पुनरावृत्ती लागते, आणि पुनरावृत्तीस दिवस लागतात. तिथीची पाऊणपट करून उद्याची वेळ सांगणारे आणि दुसऱ्या दिवशी वाळूवर जाऊन तिचा पडताळा घेणारे मूल गणित, पंचांग आणि समुद्र ही तिन्ही एकदम शिकत असते.

हे ज्ञान केवळ शोभेचे नव्हे. 1 फेब्रुवारी 2016 रोजी याच किनाऱ्यावर, मुरूड येथे, पुण्याहून सहलीस आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी दहाहून अधिक जण समुद्रात बुडाले. अशा दुर्घटनेचा बोध एकाच कारणावर बेतणे योग्य नव्हे. तथापि काही तासांच्या पाहुण्यास पाण्याच्या वागणुकीचा अदमास येणे अवघड असते आणि किनाऱ्यावरच्या रहिवाशाचे बोलणे ऐकण्याइतकी ओळखही त्याची झालेली नसते, हे मान्य करावेच लागेल.

बिऱ्हाडाच्या गतीने केलेल्या प्रवासाचे मराठी समाजातील ठळक उदाहरण म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब. त्यांची कन्या, पुढे पंडिता रमाबाई म्हणून विख्यात झालेली, 1858 साली जन्मली आणि तान्ही असतानाच या कुटुंबाची तीर्थयात्रा सुरू झाली. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी सांगितले आहे की आईवडील एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास जात, आणि प्रत्येक ठिकाणी काही महिने राहून स्नान, देवदर्शन व पुराणवाचन करीत. या ‘काही महिने’ शब्दांत सारे मर्म आहे. प्रत्येक ठिकाणी दिवसाचा क्रम बसत असल्यामुळेच आई लक्ष्मीबाई मुलीस संस्कृत शिकवू शकल्या. घरात मराठी टिकली आणि भोवतालच्या समाजातून कन्नड, हिंदुस्थानी, बंगाली या भाषा अवगत झाल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या मुलीस 1878 साली कलकत्त्यात ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. या चित्राची दुसरी बाजूही विसरता येत नाही. दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली आणि आईवडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. मंद गती शिकण्यास अवसर देते, निर्वाहाची हमी देत नाही.

हीच मर्यादा मेंढपाळ धनगरांच्या प्रवासातही दिसते. दिवाळीच्या सुमारास देशावरील कित्येक कुटुंबे घाट उतरून कोकणात येतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. घोड्यांवर संसार असतो, त्यातच लहान मुले आणि कोकरेही असतात. अनेक कुटुंबांच्या एकत्र तळास ‘वाडा’ म्हणतात. कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढ्या बसविल्या जातात आणि खताच्या मोबदल्यात धान्य वा पैसा मिळतो. येथे थांबण्याचा काळ शेत आणि चारा ठरवितात. मुलास रान, जनावर आणि ऋतू यांची जाण येते. परंतु शाळेचे वर्ष त्या वाटेने चालत नसल्यामुळे लेखन-वाचन मागे पडते. डोंगऱ्यांच्या घरी विद्या बिऱ्हाडाबरोबर चालत होती. वाड्याबरोबर शाळा चालत नाही. दोहोंतील भेद गतीचा नाही, सोयीचा आहे, आणि तो समाजाने भरून काढावयाचा आहे.

तात्पर्य, गती मंद करणे याचा अर्थ वेळ रिकामा ठेवणे असा नसून मुक्कामाचे बिऱ्हाड होऊ देणे असा आहे. किती दिवस थांबावे याचे एकच उत्तर देता येणार नाही. परंतु ते काढण्याची रीत सांगता येते. त्या स्थळी काय पुन्हापुन्हा घडते आणि किती दिवसांनी घडते, हे आधी पाहावे. जेथे आठवड्याचा बाजार भरतो तेथे निदान दोन बाजार दिसावेत. काशीदसारख्या किनाऱ्यावर एक पंधरवडा राहावे. शेतीच्या गावी एखादे काम सुरू होऊन संपेपर्यंत थांबावे. मुलाच्या दृष्टीने एखादे स्थळ पाहून झाले असे तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा उद्या तेथे काय होईल हे त्यास सांगता येते.