पकड मोजायची कशी?

1935 साली माउंट विल्सन वेधशाळेतल्या शंभर इंची दुर्बिणीच्या आरशावर चांदीऐवजी ॲल्युमिनियमचा थर चढवला गेला. हे काम जॉन स्ट्राँग या तिशी गाठलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचे. चांदी काळवंडते, ती वारंवार उतरवून पुन्हा चढवावी लागते. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून ती काचेवर जमू दिली, तर चमक कितीतरी अधिक काळ टिकते. हा थर मिलिमीटरच्या जेमतेम दहा हजाराव्या भागाएवढा जाड असतो. तो काचेला धरून बसला आहे की नुसता टेकला आहे, हे ओळखायला स्ट्राँगने त्याच सुमारास एक उपाय वापरला: चिकटपट्टी दाबून लावायची आणि ओढायची. थर पट्टीबरोबर निघून आला, तर काच नीट स्वच्छ झाली नव्हती असे समजायचे.

हौशी दुर्बीणकारांच्या नादी लागून मी आरसे घासायला शिकलो आणि त्या वाटेने या विषयात शिरलो. बारावीनंतर विज्ञानाचा वर्ग पाहिलेला नाही. जे काही कळले ते जुन्या पुस्तकांतून आणि कारखान्यांतल्या जाणत्या माणसांना विचारून. नऊ दशकांनंतरही जगभर तीच चिकटपट्टी वापरात आहे, याचे मला आधी हसू आले आणि मग कुतूहल वाटले. चंद्रापर्यंतचे अंतर आपण सेंटिमीटरच्या हिशोबात मोजतो. मग रंग भिंतीला किती घट्ट बसला आहे, हे सांगायला अजून पट्टी का ओढावी लागते?

पाठ्यपुस्तकात या गुणाला आसंजन म्हणतात. मला ‘पकड’ हा शब्द जवळचा वाटतो, कारण पकड ढिली असते, घट्ट असते आणि कधी कधी फसवीही असते. दिवाळीच्या मिठाईवरचा चांदीचा वर्ख पाहा. तो बर्फीवर सहज बसतो आणि बोट लावले की बोटावर येतो. तिथे अणूंमधले अगदी दुबळे आकर्षण काम करते, रासायनिक बंध नसतो. काचेवर सोन्याचा थर दिला, तरी जवळपास हीच गत होते. म्हणून सोन्याआधी काचेवर क्रोमियम किंवा टायटॅनियमचा अतिशय पातळ थर देतात. हे धातू काचेतल्या ऑक्सिजनशी बंध जोडतात आणि सोने त्यांच्या पाठीवर बसते. ॲल्युमिनियमही ऑक्सिजनचा असाच लोभी. आरशांना ते मानवले याचे एक कारण हेही आहे.

कल्हई ही याहून पुढची पायरी. भांडे तापवून त्यावर नवसागर टाकला की त्यातून निघणारे आम्ल धातूवरचा ऑक्साइडचा पापुद्रा खाऊन टाकते. मग वितळलेले कथील पुसत नेले की ते तांब्याला नुसते चिकटत नाही. दोघांच्या सीमेवर तांबे आणि कथील मिळून तिसराच पदार्थ तयार होतो. अशी कल्हई वर्षभर घासून झिजेल, पण पापुद्र्यासारखी सुटणार नाही. सुटली, तर कल्हईवाल्याने भांडे नीट साफ केले नव्हते असे खुशाल समजावे. स्ट्राँगची काच आणि आपले पातेले यांचा नियम एकच आहे.

आता मोजमापाकडे येऊ. पट्टीचे सुधारलेले रूप म्हणजे जाळीची चाचणी. पातीने रंगावर सहा उभे आणि सहा आडवे छेद देतात, म्हणजे पंचवीस चौकोन होतात. मग पट्टी लावून ओढायची आणि किती चौकोन उडाले ते पाहायचे. आयएसओ 2409 या मानकात 0 म्हणजे उत्तम आणि 5 म्हणजे वाईट. अमेरिकी मानकात आकडे बरोबर उलटे. दोन देशांतल्या कागदांची गल्लत झाली, तर नापास माल पास व्हायचा! तसेही हे गुण आहेत, माप नव्हे.

खरे माप हवे म्हणून दुसरी रीत निघाली. रंगावर धातूची छोटी गोल बैठक घट्ट गोंदाने चिकटवायची आणि यंत्राने सरळ वर खेचायची. बैठकीचा व्यास बहुधा 20 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे तीन चौरस सेंटिमीटर. पोलादावरचा चांगला रंग 5 मेगापास्कलला सुटला, तर त्या एवढ्याशा गोलाने सुमारे 160 किलो वजन पेलले असा अर्थ होतो. हा आकडा ऐकायला भारदस्त आहे. पण सुटलेल्या बैठकीचा तळ निरखून पाहिला की गोम कळते. कधी रंग पोलादापासून सुटलेला असतो, कधी रंग मधोमध फाटलेला असतो, तर कधी गोंदच हरलेला असतो. पहिल्या प्रकारातच पकड मोजली गेली. बाकीच्या दोहोंत एवढेच कळले की पकड याहून जास्त आहे. कागदावर मात्र आकडा एकच छापून येतो. रंगकामाच्या एका तंट्यात मला असा अहवाल दाखवण्यात आला होता. त्यात आकडे दशांशापर्यंत होते, पण फुटले कुठे याची एक ओळही नव्हती. तो अहवाल माझ्या लेखी निरुपयोगी होता आणि मी तसे सांगितलेही.

हिऱ्याच्या टोकाने ओरखडा काढायची तिसरी रीत 1960 च्या आसपास बेंजामिन आणि वीव्हर यांनी शास्त्रीय पायावर आणली. टोकावरचा भार वाढवत न्यायचा आणि थर ज्या भाराला सुटतो तो नोंदवायचा. कापणीच्या हत्यारांवरच्या कठीण लेपांसाठी ही रीत आजही चालते. पण लेप जाड केला किंवा खालचे पोलाद अधिक कठीण घेतले, तरी तो भार वाढतो, मग पकड तीच का असेना.

चौथी रीत सोलण्याची. ती घरी करून पाहता येते. चिकटपट्टी काटकोनात ओढा, मग पूर्ण उलटी दुमडून ओढा. उलटी दुमडल्यावर हिशोबाने निम्मेच बल पुरते, कारण पट्टी एक सेंटिमीटर सुटते तेव्हा तुमचा हात दोन सेंटिमीटर सरकलेला असतो. म्हणजे बल बदलले, पण दर चौरस सेंटिमीटरला खर्च झालेली ऊर्जा तीच राहिली. म्हणून जाणकार बलाऐवजी ऊर्जा मोजतात. इथे मात्र एक मोठे कोडे उभे राहते. दुबळ्या आकर्षणाचा हिशोब दर चौरस मीटरला ज्यूलच्या दहाव्या भागाच्या आसपास येतो, तर सोलताना प्रत्यक्ष शेकडो ज्यूल खर्च होतात. उरलेली ऊर्जा पट्टी वाकण्यात आणि चिकट द्रव्य ताणून त्याचे तंतू होण्यात जाते. के. एल. मित्तल यांनी मूळ पकड आणि व्यवहारातली पकड असा भेद केला, तो याचसाठी. पहिली अणूंची असते, दुसरी सगळ्या रचनेची. यंत्राला दिसते ती नेहमी दुसरीच.

बैठक खेचताना गोष्ट उलटी होते. तिथे हिशोबापेक्षा फारच कमी बल पुरते, कारण सीमेवर कुठेतरी धुळीचा कण किंवा हवेचा बुडबुडा असतो आणि फट तिथून धावत सुटते. काच अपेक्षेपेक्षा इतकी लवकर का फुटते, याचे ग्रिफिथने 1920 मध्ये दिलेले उत्तर इथेही लागू पडते.

कुणी न ओढताही थर सुटतो, हे तर सगळ्यांत विलक्षण. थर सुकताना किंवा थंड होताना आकसू पाहतो, खालचा पृष्ठभाग त्याला आकसू देत नाही, आणि थरात ताण साठून राहतो. साठलेली ऊर्जा जाडीच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताण तोच, पकडही तीच, तरी एका जाडीनंतर थर आपणहून उचलला जातो. जुन्या भिंतीवर हातावर हात चढवलेल्या रंगाचे पोपडे असेच निघतात. काही देवस्थानांत मूर्तीवरचे शेंदराचे जाड कवच एखाद्या दिवशी निखळून पडते, त्यामागेही याच तत्त्वाचा हात असावा असे मला वाटते. ‘आणखी एक हात मारा म्हणजे घट्ट बसेल’ हा रंगाऱ्याला दिला जाणारा सल्ला म्हणूनच धोक्याचा.

पाण्याचा मुद्दा वेगळाच. कोरड्या दिवशी उत्तम ठरलेला रंग पावसाळ्यात फुगतो, कारण पाण्याचे रेणू सीमेवर शिरून पृष्ठभागावरच्या जागा बळकावतात. कोकणातल्या लोखंडी खिडकीला विचारा! म्हणून शहाणे लोक नमुना आधी दमट हवेत किंवा पाण्यात ठेवतात आणि मग पट्टी लावतात.

हे सगळे माणसाच्या शरीरापर्यंत जाऊन पोचते. कृत्रिम खुब्याच्या काही सांध्यांवर हाडाशी जुळणाऱ्या हायड्रॉक्सिॲपेटाइट या खनिजाचा लेप असतो. तो निदान 15 मेगापास्कलपर्यंत टिकावा, अशी आंतरराष्ट्रीय मानकाची अट आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दीडशे किलो. हा आकडा बैठक खेचूनच काढतात. पण चालणाऱ्या माणसाचा खुबा कोणी सरळ वर खेचत नाही. त्याच्यावर दर पावलाला दाब आणि घसट येते, वर्षाला लाखो वेळा, आणि तीही ओल्या, खारट द्रवात. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी मला कुणी तो आकडा दाखवला, तर मी दोन गोष्टी विचारीन: लेप नेमका कुठे फुटला होता, आणि नमुना किती दिवस ओला ठेवला होता?